‘आलास’, ‘आलीस’, ‘आलात’: एका मराठी ऑनलाइन खेळातील पात्रनिर्मितीचे प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापुरातील राजारामपुरी भागात सहा जणांची एक लहान संस्था मोबाईलवर खेळायचा मराठी ऑनलाइन भूमिका-खेळ तयार करत होती. संस्थेचे, खेळाचे आणि माणसांचे नाव येथे दिलेले नाही; ओळख पटू शकेल असे काही तपशील बदललेले आहेत. खेळ काल्पनिक करवीर नगरीत घडतो. प्रत्येक खेळाडूने एक पात्र तयार करायचे, तालमीत नाव घालायचे, दांडपट्टा, लाठी, विटा (दोरी बांधलेला भाला) यांपैकी एखादे हत्यार शिकायचे आणि इतरांबरोबर पथक उभारून पन्हाळ्याच्या वाटेवरील मोहिमा पार पाडायच्या, अशी त्याची रचना आहे. मर्दानी खेळाचे आखाडे या शहरात आजही चालतात, त्यामुळे हत्यारांच्या हालचाली टिपण्यासाठी संस्थेला फार लांब जावे लागले नाही. संवाद तपासण्याचे आणि ते कोल्हापूरच्या कानाला खरे वाटतील असे करण्याचे काम माझ्याकडे होते.

पात्रनिर्मितीच्या पहिल्या पडद्यावर दोन बटणे होती: पुरुष आणि स्त्री. या एका निवडीवर पुढच्या चार गोष्टी ठरत: शरीराची ठेवण, आवाज, मिळणारे पोशाख आणि तालमीतील वस्ताद, घरातील आजी किंवा प्रतिस्पर्धी पथकाचा म्होरक्या खेळाडूशी ज्या क्रियापदांत बोलत ती क्रियापदे. पहिल्या तीन गोष्टी चित्रकार आणि प्रोग्रामर यांच्या अखत्यारीत होत्या, आणि त्यांच्याविषयी संस्थेत सुरुवातीपासून चर्चा होत असे. चौथ्या गोष्टीकडे मात्र कोणाचेच लक्ष नव्हते, माझेही नव्हते. वाक्यांच्या तक्त्यात प्रत्येक संवादासाठी दोन रकाने होते, ते भरले की काम झाले, इतकाच विचार होता.

अडचण कशी समोर आली

मर्यादित खेळाडूंच्या पहिल्या चाचणीसाठी कोल्हापूर, इचलकरंजी, गडहिंग्लज आणि बेळगाव येथील सुमारे 60 जणांना खेळ देण्यात आला. त्यांच्याकडून आलेल्या तक्रारी एका प्रकारच्या नव्हत्या, आणि म्हणूनच त्या सगळ्या एकाच बटणाशी येऊन मिळतात हे कळायला आम्हाला तीन आठवडे लागले.

पहिली तक्रार मर्दानी खेळ प्रत्यक्ष खेळणाऱ्या मुलींची होती. त्यांच्या पात्राला नऊवारीचे चार प्रकार आणि कोल्हापुरी साज मिळत होता. फेटा, सलवार आणि कमरबंद मिळत नव्हता. आखाड्यात आपण फेटा बांधतोच, मग खेळात का नाही, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. दुसरी तक्रार एका खेळाडूची होती, ज्यांनी अभिप्रायाच्या अर्जात स्वतःला पुरुष किंवा स्त्री यांपैकी काहीही न म्हणता लिहिले होते की एकदा बटण दाबून विषय संपला असता तर चालले असते, पण येथे वस्ताद दर वाक्याला तेच बटण पुन्हा दाबतो. पुढच्या सगळ्या कामाला दिशा देणारे वाक्य हेच ठरले. तिसरी तक्रार स्त्री-पात्र घेऊन खेळणाऱ्या काही मुलांची होती, आणि ती किरकोळ होती.

चौथ्या तक्रारीने मात्र आम्हाला गोंधळात टाकले. कोल्हापूर शहरातील अनेक मुलींनी लिहिले की त्यांचे पात्र ‘मी आले’, ‘मी जाते’ असे बोलते आणि ते परके वाटते. यात नवल काहीच नाही. कोल्हापूर भागात बायका आणि मुली ‘मी आलो’, ‘मी जातो’ असे बोलतात, हे बाहेरून आलेल्या माणसाच्या पहिल्या दिवशीच ध्यानात येते आणि येथल्या माणसाच्या आयुष्यभर ध्यानात येत नाही. त्याच मुलीला आई मात्र ‘आलीस काय?’ असेच विचारते. म्हणजे स्वतःविषयी बोलताना एक रूप आणि दुसऱ्याने आपल्याशी बोलताना दुसरे रूप, ही व्यवस्था आमच्या भोवती रोज चालू होती, आणि तक्त्यातील दोन रकान्यांत ती बसत नव्हती.

पहिला उपाय आणि त्याची फजिती

चाचणीची दुसरी फेरी जवळ आली होती. एका संध्याकाळी, फारशी चर्चा न करता, पडद्यावर तिसरे बटण जोडण्यात आले. त्यावर काय लिहावे यावर दहा मिनिटे बोलणे झाले. सरकारी अर्जांत असतो तसा ‘तृतीयपंथी’ हा शब्द एकाने सुचवला; सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात तृतीय लिंगाला आणि स्वतःची लिंग-ओळख स्वतः ठरवण्याच्या हक्काला मान्यता दिली आहे आणि 2019 चा कायदाही आहे, त्यामुळे शब्द सुरक्षित आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. दुसऱ्याला तो शब्द एका विशिष्ट समाजाचा वाटला. शेवटी ‘इतर’ हा शब्द टाकून सगळे घरी गेले.

या ‘इतर’ पात्रासाठी संवाद कोठून आणायचे, हा प्रश्न प्रोग्रामरने स्वतःच सोडवला. मराठीला तीन लिंगे आहेत, तेव्हा पुल्लिंगासाठी ‘आला’, स्त्रीलिंगासाठी ‘आली’ आणि उरलेल्यासाठी ‘आलं’, असा हिशेब करून त्याने एका छोट्या नियमाने नपुंसकलिंगी रूपे तयार केली. व्याकरणाच्या पुस्तकाप्रमाणे यात चूक काढता येणार नाही. प्रत्यक्षात वस्ताद म्हणू लागला, ‘आलंस? बस तिथं. जेवलंस काय?’ आणि प्रतिस्पर्धी म्होरक्या म्हणू लागला, ‘हे कुठून आलं आता?’

मराठीत मोठ्या माणसाविषयी नपुंसकलिंग वापरले की त्याचे दोनच अर्थ होतात. एक तर बोलणारा लाडाने बोलतो आहे, समोरचे लेकरू आहे. नाही तर तो हिणवतो आहे, समोरचे ‘येडं’ आहे. आजीच्या तोंडी ‘दमलंय माझं बाळ’ गोड वाटते, पण तलवार घेऊन उभ्या असलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या तोंडी ‘हे कुठून आलं’ म्हणजे उघड अपमान आहे. ज्या खेळाडूने मूळ तक्रार केली होती, त्यांनी दुसऱ्या फेरीत दोन दिवस खेळून खेळ काढून टाकला आणि जाताना लिहिले की पूर्वी आपल्याला चुकीचे समजले जात होते, आता आपण वस्तू झालो आहोत. बटणावरच्या ‘इतर’ या शब्दाविषयीही त्यांनी एक ओळ लिहिली होती: रेल्वेच्या सामानाच्या पावतीवर शेवटचा रकाना असतो तसा तो वाटतो.

तिसरे बटण चार दिवसांत काढले गेले. काढतानाही चूक झाली, कारण ज्यांनी ते निवडले होते त्यांची पात्रे कसलीही सूचना न देता ‘पुरुष’ या मूळ पर्यायावर गेली.

बाहेर काय पाहिले

यानंतर संस्थेने काम थांबवून इतर खेळांनी काय केले ते पाहायचे ठरवले. हा प्रश्न नवा नाही. 1990 साली सुरू झालेल्या लॅम्डामू या केवळ मजकुरावर चालणाऱ्या आभासी जगात लिंगासाठी अनेक पर्याय होते आणि प्रत्येकाबरोबर सर्वनामांचा वेगळा संच मिळत असे. तेथे चित्र नव्हतेच, त्यामुळे लिंग म्हणजे फक्त शब्द होते. आमच्या अडचणीशी सर्वात जवळचा नमुना हाच निघाला. ‘द सिम्स 4’ ने 2016 साली पोशाख, चाल आणि आवाज लिंगाच्या निवडीपासून मोकळे केले. ‘ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’ 2020 साली आला तेव्हा त्याने लिंग न विचारता पात्राची शैली विचारली. ‘सायबरपंक 2077’ ने त्याच वर्षी शरीर आणि आवाज वेगळे केले, पण सर्वनाम आवाजाला बांधून ठेवले. ‘एल्डन रिंग’ने 2022 साली शरीराला ‘अ’ आणि ‘ब’ अशी नावे दिली. ‘बॉल्डर्स गेट 3’ मध्ये 2023 साली शरीर, आवाज आणि सर्वनाम या तीन स्वतंत्र निवडी झाल्या.

यातून शरीर आणि पोशाख यांविषयी बरेच शिकता आले, भाषेविषयी फारच थोडे. इंग्रजी क्रियापद कर्त्याच्या लिंगाकडे पाहत नाही. तिथे सर्वनाम बदलले की वाक्य सुटते. ‘द सिम्स 4’ मध्ये 2022 साली सर्वनामे निवडण्याची सोय आली तेव्हा ती प्रथम इंग्रजीपुरतीच आली. याचे कारण समजायला आम्हाला स्वतःचा तक्ता पुरेसा होता. मराठीत ‘तू’ आणि ‘मी’ ही सर्वनामे तटस्थच आहेत. लिंग बसलेले असते ते क्रियापदाच्या शेपटीत, ‘काय रे’ आणि ‘काय गं’ मध्ये, ‘शाबास, मोठा झालास’ मधल्या विशेषणात. सर्वनामाचे बटण आणून आमचे एकही वाक्य सुटले नसते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय होता दोन बटणे तशीच ठेवून पोशाख तेवढे मोकळे करण्याचा. पैशाच्या दृष्टीने तो सर्वात स्वस्त होता आणि मुलींची फेट्याची तक्रार त्यातून मिटली असती. संस्थेतील दोघांचे मत शेवटपर्यंत हेच होते, आणि त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता: सहा जणांच्या संस्थेने किती वाक्ये किती वेळा लिहायची?

दुसरा पर्याय सर्वांशी ‘तुम्ही’ने बोलण्याचा होता. ‘तुम्ही आलात’, ‘तुम्ही जिंकलात’, ‘तुम्ही जाता’, ‘तुम्ही याल’ ही रूपे सर्वांना सारखी लागतात. आदराने बोलले की मराठी बरीचशी तटस्थ होते. कोठे कोठे मात्र ती फसवते, कारण ‘तुम्ही थकला असाल’ आणि ‘तुम्ही थकल्या असाल’ हा भेद आदरातही राहतो. खरी अडचण वेगळी होती. आम्ही नमुन्याचे एक दृश्य तयार करून तालमीत कुस्ती खेळलेल्या एका वयस्कर गृहस्थांना ऐकवले. वस्ताद नव्या पोराला म्हणतो, ‘या, बसा. जेवलात काय?’ ते हसले आणि म्हणाले की हा वस्ताद नाही, पतपेढीचा व्यवस्थापक आहे. वस्तादाचे ‘तू’ म्हणजे पात्राला आपल्यात घेणे. ते काढले असते तर खेळाचा प्राणच गेला असता.

तिसरा पर्याय प्रत्येक वाक्य असे फिरवून लिहिण्याचा होता की लिंग उमटूच नये. ‘जेवलास का?’ ऐवजी ‘जेवण झालं का?’ हे तर घरोघरी विचारले जाते. ‘कधी आलास?’ ऐवजी ‘कधी येणं झालं?’ हेही जुने आणि अस्सल आहे. ‘दमलास का?’ ऐवजी ‘दम लागला काय?’ मराठीत अनुभव सांगणारी वाक्ये ‘मला’, ‘तुला’ने सुरू होतात आणि क्रियापद भूक, राग, दम यांच्या लिंगाप्रमाणे चालते, हा आमच्या हाती लागलेला मोठाच आधार होता. तरीही शंभर वाक्यांनंतर सगळेच लोक वळणे घेत बोलत आहेत असे वाटू लागते, हे खरे.

चौथा पर्याय प्रत्येक खेळाडूच्या निवडीनुसार वाक्याची निरनिराळी रूपे लिहिण्याचा होता. युनिकोडच्या आयसीयू मेसेजफॉरमॅट पद्धतीत एकाच वाक्याच्या पोटात अटीप्रमाणे रूपे देता येतात, त्यामुळे तांत्रिक अडचण नव्हती. लिहिणाऱ्याचा आणि आवाज देणाऱ्याचा वेळ हा प्रश्न होता.

पाचवा एक पर्याय थोडक्यात नोंदवतो, कारण तो नाकारण्याचे कारण महत्त्वाचे आहे. गडहिंग्लजकडच्या एका सहकाऱ्याने खेळात ‘जोगता’ (यल्लम्मा देवीला वाहिलेला, बहुधा स्त्रीवेष घेणारा पुरुष) ही भूमिका आणावी आणि स्त्री-पुरुष चौकटीबाहेरच्या पात्रांसाठी तीच वाट ठेवावी, असे सुचवले. आपल्याच भागातील परंपरा आहे, परदेशी खेळांची नक्कल कशाला, असा त्यामागचा भाव होता आणि तो मला समजतो. पण रेणुका-यल्लम्मेला सोडलेली, डोक्यावर जग, म्हणजे देवीची टोपली, घेऊन फिरणारी माणसे या जिल्ह्यात आहेत. त्यांचे ते आयुष्य आहे, त्यात भक्ती आहे तशी फरपटही आहे. कोणाही खेळाडूला आपली ओळख मोकळी ठेवायची असेल तर त्याने एका धार्मिक प्रथेचा वेष अंगावर घ्यावा, ही अट घालण्याचा आम्हाला अधिकार नव्हता.

वाक्यांची मोजणी

निर्णयापूर्वी एक साधे काम केले गेले, जे खरे तर पहिल्या महिन्यात व्हायला हवे होते. खेळातील सुमारे 3,800 वाक्ये एकेक करून तपासली आणि खेळाडूचे लिंग नेमके कोठे उमटते ते चिन्हांकित केले. भीती होती त्यापेक्षा चित्र बरे निघाले. आज्ञार्थ (‘उचल’, ‘थांब’) आणि भविष्यकाळ (‘जिंकशील’, ‘पडशील’) तटस्थ आहेत. भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्माप्रमाणे चालते, त्यामुळे ‘तू लाठी फिरवलीस’ हे वाक्य लाठीचे लिंग सांगते, फिरवणाऱ्याचे नाही. लिंग उमटणारी वाक्ये 1,100 च्या आसपास निघाली.

त्यांतही एक गंमत होती. मराठीत काही क्रियापदे कर्म असूनही बहुधा कर्त्याप्रमाणेच चालतात, आणि त्यांत शिकणे, विसरणे, जिंकणे, हरणे ही येतात. ‘तू दांडपट्टा शिकलास’ किंवा ‘शिकलीस’, मध्ये वाट नाही. ज्या खेळात सगळा व्यवहारच शिकण्याचा आणि जिंकण्या-हरण्याचा, त्यात नेमकी हीच क्रियापदे पावलोपावली भेटत होती. मर्दानी खेळ शिकवणाऱ्या एका बाईंनी वाट दाखवली: आखाड्यात ‘तू शिकलास’ असे कोणी फारसे म्हणत नाही, ‘हात बसला’ म्हणतात. तेव्हापासून वस्ताद ‘हात बसला तुझा’ म्हणू लागला. हे वाक्य तटस्थ तर आहेच, पण आधीच्या वाक्यापेक्षा चांगलेही आहे.

निर्णय आणि कृती

अखेरीस तिसरा आणि चौथा पर्याय एकत्र करण्यात आले, आणि कोणते वाक्य कोठे जाईल याची विभागणी बोलणाऱ्याच्या नात्यावरून झाली. खेळाच्या सूचना, पथकातील नोंदी आणि बाजारातील अनोळखी माणसे यांची सर्व वाक्ये फिरवून लिहिली. ‘अमुक पथकात सामील झाला’ ऐवजी वर्तमानपत्री वळणाने ‘अमुक पथकात दाखल’, आणि ‘त्याने मोहीम जिंकली’ ऐवजी ‘अमुक यांनी मोहीम जिंकली’. भूमिकांची नावे तपासली: ‘योद्धा’चे ‘शिलेदार’ झाले, ‘वाटाड्या’चे ‘माहीतगार’ झाले, ‘वैद्य’ आणि ‘शाहीर’ राहिले. पदव्यांतील ‘मोठा’, ‘खरा’ ही लिंगाप्रमाणे बदलणारी विशेषणे जाऊन ‘तरबेज’, ‘धाडसी’, ‘चपळ’ आली.

वस्ताद, आजी आणि प्रतिस्पर्धी म्होरक्या या तिघांची सुमारे 400 वाक्ये मात्र रूपांसह लिहिली. जवळची माणसे वळणे घेत बोलत नाहीत. लिहिण्याचे कष्ट जेथे घ्यायचे ते येथे घ्यावेत, असे मी सुचवले आणि ते मान्य झाले.

पात्रनिर्मितीच्या पडद्यावरून ‘पुरुष’, ‘स्त्री’ हे शब्दच गेले. शरीराच्या ठेवणीला ‘सडपातळ’, ‘दणकट’, ‘ठेंगणी’, ‘उंच’ अशी नावे दिली. ‘अ’ आणि ‘ब’ म्हटले की खेळाडू लगेच त्याचे भाषांतर करून घेतात, असे चाचणीत दिसले होते. सर्व ठेवणी एकाच सांगाड्यावर बसवल्यामुळे फेटा, नऊवारी, साज, सलवार कोणालाही घालता येऊ लागले. काष्टा प्रत्येक ठेवणीवर नीट बसवायला चित्रकाराला दीड महिना लागला, आणि दणकट ठेवणीवर तो अजूनही उडी मारताना मांडीत शिरतो.

भाषेसाठी दोन प्रश्न ठेवले. पहिला: ‘वस्तादाने तुम्हाला कसे विचारावे?’ त्याखाली चार वाक्ये येतात आणि बोट ठेवले की ऐकू येतात: ‘आलास काय?’, ‘आलीस काय?’, ‘आलात काय?’, ‘येणं झालं काय?’ दुसरा: ‘तुमचे पात्र काय म्हणेल?’ त्याखाली ‘मी आलो’, ‘मी आले’ आणि ‘पोचणं झालं बघा’. दोन्ही प्रश्न एकमेकांपासून पूर्णपणे सुटे आहेत.

हे सुटे करणे सर्वात वादाचे ठरले होते. ‘आलीस’ आणि ‘मी आलो’ ही जोडी निवडता आली तर खेळ बिघडल्यासारखा वाटेल, असे पुण्याहून आलेल्या आमच्या प्रोग्रामरचे मत होते. त्याला कोणी युक्तिवादाने पटवले नाही. जवळच्या खाणावळीत जेवताना शेजारच्या टेबलावरच्या दोघी बहिणींचे बोलणे त्याने पंधरा मिनिटे ऐकले आणि परत येऊन दोन रकान्यांमधला दुवा काढून टाकला. कोल्हापूरच्या मुलींसाठी केलेल्या या सुट्या रचनेमुळेच स्त्री-पुरुष चौकटीबाहेरच्या खेळाडूंना स्वतःला हवे तसे बोलण्याची मोकळीक मिळाली. दोन वेगळ्या तक्रारींचे उत्तर एकच निघाले, हे आम्ही ठरवून केलेले नव्हते.

दाखवायचे की नाही

यानंतरचा प्रसंग नोंदवणे मला अधिक गरजेचे वाटते. पथकातील इतर खेळाडूंनाही आपल्याशी कसे बोलावे हे कळावे, म्हणून प्रत्येकाच्या नावाखाली ‘आलास’, ‘आलीस’, ‘आलात’ असे निवडलेले रूप दिसेल, अशी सोय केली. हेतू चांगला होता आणि परदेशी खेळांत असे पाहिलेही होते.

दोनच दिवसांत एका खेळाडूचा निरोप आला. त्यांच्या पथकात त्यांच्याच महाविद्यालयातील चौघे आणि त्यांच्याच गल्लीतील एक चुलत भाऊ होता. घरी कोणालाही न सांगितलेली गोष्ट नावाखाली लिहून आली होती. सुदैवाने ती कोणाच्या ध्यानात येण्याआधी त्यांनी निवड बदलली. मोठ्या देशातील अनोळखी खेळाडूंचे गणित येथे लागू पडत नाही. कोल्हापुरात पथक म्हणजे बहुधा एकाच पेठेतील, एकाच तालमीतील पोरे असतात, आणि खेळातले नाव काहीही असले तरी माणूस कोण ते सगळ्यांना माहीत असते. त्याच संध्याकाळी ती ओळ सर्वांसाठी बंद केली गेली. आता ती मुळात बंदच असते आणि ज्याला दाखवायची असेल तो स्वतः सुरू करतो. निवड कधीही, कितीही वेळा, पैसे न मोजता बदलता येते आणि बदलल्याची नोंद कोणालाही दिसत नाही.

परिणाम

तिसऱ्या चाचणीत फेट्याची तक्रार उरली नाही. ज्या खेळाडूने खेळ काढून टाकला होता, त्यांना क्षमा मागणारे पत्र लिहून पुन्हा बोलावले. ते आले, आणि ‘आलात काय?’ व ‘मी आलो’ ही जोडी त्यांनी निवडली. ‘येणं झालं काय?’ हे रूप आम्ही चौकटीबाहेरच्यांसाठी म्हणून लिहिले होते. ते प्रत्यक्षात सर्व प्रकारच्या खेळाडूंनी घेतले, काहींनी केवळ ते जुन्या वळणाचे आणि गमतीचे वाटते म्हणून. तसे झाले हे बरेच झाले, कारण त्यामुळे ते रूप निवडणे म्हणजे काही जाहीर करणे राहिले नाही.

सगळे खूश झाले असे नाही. पुरुष-स्त्री ही बटणे शोधून न सापडल्याने काहींनी खेळ अर्धवट असल्याचे कळवले. त्यांच्यासाठी पडद्यावर दोन तयार संच ठेवले, ज्यांत एका स्पर्शात पूर्वीसारखे पात्र मिळते. त्यांना ‘फेटेवाले’ आणि ‘साजवाले’ अशी नावे द्यावीत का, यावर अजून एकमत नाही. पुणे आणि नागपूरकडून ‘स्त्री-पात्र मी आलो म्हणते, व्याकरण दुरुस्त करावे’ अशा सूचना नियमित येतात.

वेगळे काय करता आले असते

तिसरे बटण जोडण्यापूर्वी, ज्यांनी तक्रार केली त्यांना एक फोन करून ‘तुमच्याशी कसे बोलले तर बरे वाटेल’ हे विचारता आले असते. अर्जावर त्यांचा क्रमांक होता. आम्ही तो प्रश्न अखेर पडद्यावर सर्वांना विचारला, पण दोन महिने आणि एक अपमान झाल्यानंतर.

वाक्यांची मोजणी आधी झाली असती तर पहिल्या पर्यायाच्या बाजूने असलेल्या दोघा सहकाऱ्यांशी वादही आकड्यांवर झाला असता. ‘सगळी वाक्ये चार वेळा लिहायची’ ही भीती खरी मानून त्यांनी विरोध केला. प्रत्यक्षात चार रूपे लागली ती दहातील एका वाक्याला.

सर्वात महाग चूक ध्वनिमुद्रणाची झाली. वस्ताद आणि आजी या दोघांचे आवाज पहिल्या चाचणीआधीच नोंदवून घेतले होते, दोन रकान्यांप्रमाणे. वस्तादाची वाक्ये शाहूपुरीतील एका छोट्या स्टुडिओत नव्या रूपांसह पुन्हा नोंदवली. आजीचा आवाज देणाऱ्या बाई मधल्या काळात मुलीकडे परगावी राहायला गेल्या. मजकूर पक्का होईपर्यंत आवाज नोंदवू नये, आणि नोंदवलाच तर ‘आलास’, ‘आलीस’ हे शब्द असलेली वाक्ये शेवटच्या दिवसासाठी राखावीत, हे आता संस्थेच्या कामाच्या यादीत लिहिलेले आहे. तोवर आजीच्या नव्या रूपांना आवाज नाही: ‘आलात’ किंवा ‘येणं झालं’ निवडलेल्या खेळाडूला ती ओट्यावरून नुसती हात हलवून बोलावते आणि वाक्य खाली अक्षरांत उमटते. बाई दिवाळीला कोल्हापूरला येणार आहेत. स्टुडिओची अर्ध्या दिवसाची वेळ घेऊन ठेवली आहे.